साबण लावलेला गज

“मास्तर, माझ्या गजाला साबण कोणी लावला?”

विचारून झालं. आता शब्द परत तोंडात घेता येणार नव्हते, आणि गुलाबला ते घ्यायचेही नव्हते. सकाळी शाळेच्या नळापाशी हाच प्रश्न चिंचेसारखा वाटला होता, दाढेखाली धरून मजा घ्यावी असा. रुख्मानं पैज लावली होती. “इचारशीन का वं? साऱ्याइसमोर? नाई इचारलं तर वर्षभर तुले भित्री भागूबाई म्हनीन.” “इचारीन,” गुलाब म्हणाली होती, वेणी मागं फेकून, “घाबरते का कोनाच्या बापाले!” आणि नळाभोवतीच्या साऱ्या पोरी खिदळल्या होत्या, गुलाब सगळ्यांत मोठ्यानं. पण इथं, वर्ध्याच्या त्या वाचनालयामागच्या लांबट हॉलमध्ये, वाद्यवृंदाच्या वर्गाच्या भर मध्यावर, तोच प्रश्न सतरंजीवर धोंड्यासारखा पडला आणि पडूनच राहिला. जलतरंगवाल्या मुलाची काडी हवेत थांबली. कोणाचा तरी तबला बोट लागून उगाच ‘टुं’ झाला. मांडीला मांडी लावून बसणारी वसू एकदम आपल्या व्हायोलिनच्या खुंट्या बघायला लागली, जशा काही त्या आजच फुटल्या होत्या. मधुकरराव मास्तरांनी चष्मा काढला, खादीच्या सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. त्यांच्या अंगाचा चंदनाचा वास गुलाबपर्यंत आला. आणि त्या वासानंच तिचं डोकं जे तापलं ते तापलं.

कारण वास तोच होता. आधी रुख्माच्या नाकानं तो पकडला होता. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमानंतर गुलाबनं आपल्या व्हायोलिनचा गज शाळेत नेला होता, उगाचच, मिरवायला. रुख्मानं तो तलवारीसारखा फिरवला, मिशीसारखा ओठांवर धरला आणि मग थांबून हुंगला. “गुलाबे, हा तं साबनाचा वास हाय वं. वासाचा साबन. आमच्या मामाच्या घरी हाय, चंदनाचा. तू गजाले आंघोळ घालते का?” गुलाबच्या घरी कपड्यांचा साबण होता, पिवळा, विटेएवढा. आंघोळीलाही तोच, आणि तोही जपून. चंदनाचा साबण त्या घरात कधी आलाच नव्हता. ती हसली, गज हिसकावून घेतला, घरी येऊन परसात एकटीनं हुंगला. आणि मग बराच वेळ हुंगत राहिली, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी.

गजाला राळ लावतात, साबण नाही. घोड्याच्या शेपटीचे ते केस राळेनं खरखरीत होतात, म्हणून तारेला धरतात आणि तार बोलते. साबण लागला की गज तारेवरून सटकतो, ओल्या फरशीवरून पाय सटकावा तसा. हात चालतो, बोटं चालतात, बघणाऱ्याला सगळं दिसतं. आवाज मात्र नाही. गुलाबला हे सगळं ठाऊक होतं. राळेची गोडी तर तिला इतकी की बोटाला चिकटलेली पिवळी भुकटी ती झोपेपर्यंत पुसायची नाही. वर्गात एका डब्यात राळेची वडी असायची, साऱ्यांची मिळून. पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्या वडीचा एक कोपरा तोडून तिला दिला होता, कागदात बांधून. “ही तुझी वेगळी.” किती आनंद झाला होता तिला! माझी वेगळी! मायला दाखवली, बाला दाखवली, रुख्माला दाखवली. रुख्मा तेव्हा काहीतरी बोलणार होती आणि बोलली नव्हती. वसूचा गज, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या मुलाचा गज, सगळ्यांचे गज एकाच वडीवरून फिरत होते आणि गुलाब आपला तुकडा कुरवाळत बसली होती. मूर्ख! मूर्ख पोट्टी!

आणि तरी हे खरं होतं की या वर्गानंच तिला ती केलं होतं. आधी ती घरी एकटीच वाजवायची, बानं नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या त्या व्हायोलिनवर, आणि तेव्हा तिला वाटायचं की आपण सगळ्यांत छान वाजवतो. ऐकायला दुसरं होतंच कोण, परसातली शेळी. वर्गात पहिल्यांदा सगळ्यांबरोबर गज ओढला तेव्हा तिचा सूर इतका मोठा आणि इतका पुढं गेला की मास्तर टाळी वाजवून थांबले. “गुलाब, तू मोर्चात आहेस का?” सगळे हसले, तीही हसली. मग महिनोन्‌महिने तेच. “शेजारचीचा श्वास ऐक. तिचा गज वळतो तेव्हा तुझा वळू दे. ओढ... लोट... ओढ...” हळूहळू तिला ते ऐकू यायला लागलं. वसू श्वास घ्यायची आणि गुलाबचा हात आपोआप वळायचा. दुर्गा रागाची ती गत सगळे मिळून वाजवू लागले की आपला आवाज कुठं संपतो आणि वसूचा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही, आणि ते न कळणं इतकं गोड असायचं की अंगावर काटा यायचा. मास्तरांची एक खोड होती. गत रंगात आली की ते मागून येऊन कोणाची तरी खुंटी ढिली करायचे. तार लुळी पडायची. “थांबायचं नाही! तार तुटली, दिवे गेले, छप्पर कोसळलं, तरी गज थांबता कामा नये. वाजत नसेल तर नुसता चालव, पण सगळ्यांबरोबर चालव. समोरच्याला कळता कामा नये.” मुलं रडकुंडीला यायची. गुलाब नाही. तिला हा खेळ फार आवडायचा. या खेळातूनच ती शाळेत उभी राहून बोलायला लागली, हात वर करायला लागली, कविता म्हणताना ओळ विसरली तरी तोंड न पाडता पुढची ओळ धरायला लागली. बाई म्हणाल्या, गुलाब, काय ग, पंख फुटले का? पंख कसले, पाठीत कणा आला होता. आणि तोच कणा मास्तरांनी वापरला. हेच, हेच तिला सहन होत नव्हतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं की गज मुका निघाला तरी ही पोरगी थांबायची नाही. त्यांनीच तर शिकवलं होतं.

सव्वीस जानेवारीला मंडपात पाहुणे आले होते, हारतुरे झाले होते. पडद्यामागं मास्तर प्रत्येकाजवळ जात होते. गुलाबजवळ आले आणि म्हणाले, “दे, मी लावून देतो राळ.” इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या गजाला हात लावला नव्हता. वसूच्या गजाला लावत, त्या जाड भिंगाच्या मुलाच्या गजाला लावत, मनगट धरून वळण दाखवत. गुलाबला मात्र लांबून, हवेत हात फिरवून. तिला वाटलं होतं, मोठी मुलगी म्हणून असेल. आणि त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला! तिनं दोन्ही हातांनी गज दिला, देवाच्या पाया पडावं तसा. ते पाठ करून कोपऱ्यात गेले, आले, हसून परत दिला. मग पडदा वर गेला. मास्तर पाहुण्यांना म्हणाले, “आमच्या वृंदात कोणताही भेदभाव नाही. ही पहा, पुढच्या रांगेत, आमची हरिजन कन्या.” टाळ्या. टाळ्या तिच्यासाठी, वाजवायच्या आधीच. सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. “आम्ही बौद्ध आहो,” हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तेवढ्यात मास्तरांचा हात वर गेला. ओढ.

सटकला. गज सटकला. तिला वाटलं दाबला नाही, म्हणून दाबला, अजूनच सटकला. वसूचा सूर उठला, मागून दिलरुबा उठला, दुर्गा उभी राहिली आणि गुलाबच्या हातात काही नव्हतं. काही म्हणजे काही नाही, केसांची नुसती सळसळ, साप गवतातून जावा तशी. आणि मग ते पढवलेलं शरीर पुढं झालं. थांबायचं नाही. समोरच्याला कळता कामा नये. तिनं वसूचा श्वास धरला, वळणावर वळली, द्रुत आली तेव्हा द्रुतात गेली, सम आली तेव्हा मान हलवली, वर हसलीसुद्धा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत बिनचूक वाजवणं होतं. आणि ते कोणीच ऐकलं नाही. नंतर मास्तर म्हणाले होते, “हाताला तेल असेल तुझ्या, राळ धरली नाही. होतं असं.” तिनं ते मानलं! दोन रात्री स्वतःच्या हातांना शिव्या दिल्या, चुलीतल्या राखेनं तळवे घासले, कातडी निघेपर्यंत.

“मी लावला,” मधुकरराव म्हणाले.

मास्तरांचा आवाज शांत होता, शिकवताना असायचा तसाच. “तुझ्या भल्यासाठी लावला, गुलाब. समारंभात मुलं घाबरतात, जोर करतात. तुझा गज मुळात जड. एकानं जोर केला की वृंद फाटतो. पण तुला बसवायचं तर होतंच, पाहुण्यांना मी शब्द दिला होता. मग दोन्ही साधलं. मोठमोठ्या वृंदांत असं करतात, त्यात काही वावगं नाही.”

“रंगीत तालमीत तुम्हीच म्हणाले होते, आता जुळलं म्हणून.”

“तालीम वेगळी.”

“अजून कोणाच्या गजाला लावला?”

“बस खाली.”

“वसूचा गज तालमीत दोनदा घसरला होता. तिच्या गजाले लावला का?” आता पुस्तकातली भाषा तिच्या हातून सुटायला लागली होती आणि तिला तिची पर्वा नव्हती. “त्याच्या लावला? त्याच्या? सांगा ना जी, कोनाच्या लावला?”

वसूचे कान लाल झाले होते. वसूनं बघितलं असणार. पडद्यामागं कोपऱ्याच्या बाजूला वसूच उभी होती. गत चालू असताना शेजारच्या गजातून आवाज येत नाही हे श्वास ऐकणाऱ्या मुलीला कळलं नसेल? कळलं होतं. आणि तीही थांबली नाही. तिलाही तेच शिकवलं होतं.

“हा उद्धटपणा वृंदात चालत नाही,” मास्तर म्हणाले. मग जरा नरमले, जणू काही तेच दुखावले गेले होते. “पुढच्या महिन्यात नागपूरचे पाहुणे येताहेत. तू पुढच्याच रांगेत आहेस. मधोमध. किती जणांचा विरोध पत्करून तुला घेतलं मी, माहीत आहे? आणखी काय हवं तुला?”

आणखी काय हवं! गुलाबनं खाली बसून व्हायोलिन पेटीत ठेवलं, गज ठेवला, कड्या लावल्या. दारापर्यंत जाताना मागून मास्तरांचा आवाज आला, “चला. पहिल्यापासून. ओढ...” आणि ते सगळे ओढायला लागले. तिच्यावाचून. दुर्गा अगदी जशीच्या तशी उभी राहिली, आणि ती तशी सुंदरच होती, हे तिला रस्त्यावर ऐकू येत राहिलं, आणि त्याचाही तिला राग आला.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, कापसाच्या गाठी भरलेले डबे एकामागून एक, आणि रुळांवर कापसाची पिसं उडत होती. उजवा हात पेटीच्या कडीवरही ओढ-लोट करत होता, चाकांच्या ठेक्यावर, आपणहून. तिनं तो हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला. थांब म्हटलं तरी थांबेना. बाची तिला आठवण आली आणि राग एकदम बदलला, त्याला पाणी सुटलं. बा मालधक्क्यावर गाठी चढवायचा, प्रेमदास म्हणून साऱ्या धक्क्याला माहीत. कार्यक्रमाला तो धुतलेला सदरा घालून सगळ्यांत मागं बसला होता. परत येताना साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलत होता, “साऱ्या वाद्याइत माह्या पोरीचा सूर मले वेगळा आयकू आला. वाजंत्र्याचं पोट्टं हाओ मी, माहा कान चुकत नाई!” वाजंत्र्याचं पोट्टं. आजा तानबा सनई वाजवायचा, सेलूपासून साऱ्या पंचक्रोशीतल्या लग्नात. त्याच्या सनईशिवाय अक्षता पडायच्या नाहीत, आणि तो बसायचा मांडवाबाहेर, उष्ट्या पत्रावळींच्या बाजूला. दीक्षा घेऊन आल्यावर बानं ती सनई चुलीत घातली. आता कोणाच्या दारात वाजवणं नाही. फक्त तिचं पितळी तोंड जळलं नाही, ते राखेतून निघालं. बा तेव्हा कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. मग सहा महिन्यांनी हे व्हायोलिन घेऊन आला. “हे आत बसून वाजवाचं असते,” एवढंच म्हणाला.

घरी माय कंदिलात रॉकेल भरत होती. सनईचं तेच पितळी तोंड नरसाळ्यासारखं उलटं धरून, त्यातून, एक थेंब न सांडता. दिवस अजून मावळला नव्हता. बा नुकताच आला होता, हातपाय धुऊन दारात बसला होता, केसांत कापूस. “आली का माही बाजावाली,” तो म्हणाला.

“बा, त्या दिवशी मी वाजली नाई.”

“काय म्हनते?”

“मी नाई वाजली. मास्तरनं माह्या गजाले साबन लावला होता. मी नुसता हात हलवला. सांगितलं पाहुन्याले की हरिजन पोरगी हाय, अन् वाजू नाई देल्लं.” सगळं एका दमात बाहेर पडलं, राळेच्या तुकड्यापासून तर वसूच्या लाल कानांपर्यंत. माय रॉकेल ओतायची थांबली. बा बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग येईल, शिवी येईल, असं गुलाबला वाटत होतं, पण तसं काही आलं नाही. तो म्हणाला, हळूच, जणू बाजूच्या घराला ऐकू जाऊ नये:

“मंग मी आयकलं थे कोनाचं होतं?”

गुलाबला वाटलं होतं की सगळा राग मास्तरवर संपला. नव्हता संपला. त्या एका वाक्यावर तो असा उसळला की डोळ्यांपुढं काजवे आले. माझा आवाज चोरला तर चोरला, या माणसाचा कानसुद्धा चोरला!

“वसूचं असन,” ती म्हणाली.

“उद्यापासून जाऊ नको तिकडं,” बा म्हणाला आणि उठला. “झालं. नाई पाह्यजे आपल्याले. म्या सनई जाळली, हेही जाळतो.”

“जाळजा, साराच जाळजा!” माय कडाडली. मायचा, म्हणजे सीताबाईचा आवाज वस्तीत कोणी चढलेला ऐकला नव्हता. “अजी, पोरगी शिकून राह्यली न थे. सोडून देल्लं तं त्याइचंच साधते. तुमच्या बापाचा आवाज मांडवात घेतला अन् त्याले उकिरड्यावर बसवलं, तवा कोन भांडलं? आता हिले मंडपात बसवलं तं आवाज बाहेर ठेवला. जाऊ दे तिले. गप बसून शिकून घे वं पोरी. तोंड नको उघडू. एक दिवस येईन आपला.”

दोघंही तिच्याकडं बघत होते. एकाला वाटत होतं सोड, दुसरीला वाटत होतं गीळ. गुलाबनं पेटी उघडली. गज काढला. चुलीवरचं पातेलं घेतलं, गरम पाणी घेतलं आणि ओसरीवर बसून गजाचे केस धुवायला लागली, टोकापासून मुठीपर्यंत, परत टोकापासून. पाण्यावर फेस आला. चंदनाचा वास उठला, माय-बा दोघांच्याही नाकात गेला आणि बाची मूठ वळली. तिनं पाणी ओतलं, दुसरं घेतलं. फेस कमी झाला. तिसरं घेतलं. आता निर्मळ होतं. तिनं गज दोरीवर अडकवला, मायच्या लुगड्याशेजारी, वाऱ्यावर. उजवा हात आता ओढ-लोट करत नव्हता. तो कधी थांबला तिला कळलंही नव्हतं.

“बा, माय, आयका,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, जड, मोठा, मोर्चातला. “मी वर्ग सोडत नाई. थे वाजवनं मास्तरच्या बापाचं नाई, मी शिकली थे माहं हाय. नागपूरचे पाहुने येतीन तवा मी पुढच्या रांगेत बसनार हाओ, मधोमध. राळ मी घरून लावून नेईन, अन् माहा गज कोनाच्याच हातात देनार नाई. हरिजन म्हनलं तर तिथंच उठून सांगीन, बौद्ध म्हना. अन् त्याइनं गज हिसकलाच, परत साबन लावलाच, तर साऱ्याइचे गज वर जातीन तवा माहा मांडीवर राहीन. एक बोट हलवनार नाई मी. थांबाचं नाई म्हनते ना मास्तर? मी थांबीन. पाहू दे साऱ्याइले.” ती श्वास घ्यायला थांबली, दोघांचाही श्वास ऐकू आला. “अन् बा, तू त्या दिवशी मागं नको बसजो. पुढं येऊन बसजो. वाजलं तरी मीच असन, अन् नाई वाजलं तरी मीच असन.”